भन्ते, यंदाच्या पवारणेला आमचेही ऐकून घ्या

भिक्खू-भिक्खुनी संघास आणि विहारांच्या विश्वस्तांना खुले पत्र

वंदनीय भिक्खू आणि भिक्खुनी संघ, तसेच विहारांचा कारभार सांभाळणारे आदरणीय विश्वस्त,

सविनय वंदामि.

ऑक्टोबर २०१५ मध्ये, पॅरिसची हवामान परिषद तोंडावर असताना, निरनिराळ्या बौद्ध परंपरांच्या आचार्यांनी जगातल्या राष्ट्रप्रमुखांना एक निवेदन दिले. कोळसा, तेल आणि वायू यांवरचे अवलंबित्व संपवा, तापमानवाढ दीड अंशाच्या आत रोखा, अशी त्यात मागणी होती. दलाई लामा आणि व्हिएतनामचे आचार्य थिक न्हात हान्ह यांची नावे त्यावर होती. मागणी रास्तच होती. पुढे २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेले पहिले वर्ष ठरले. राज्यकर्त्यांनी आपले ऐकले की नाही, ते सगळ्यांसमोर आहे. माझा प्रश्न मात्र तुम्हाला आहे. जे आपण राष्ट्रप्रमुखांकडे मागितले, त्यातले आपल्या विहारांत काय झाले? पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांना आपल्या चुका सांगायला विनवतात, ती पवारणा. तेव्हा आमचेही ऐका, म्हणून हे पत्र.

उपासिकेने संघाला असे विचारावे का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, पानोपानी आहे. संघाचे कितीतरी नियम लोकांच्या तक्रारीतून जन्मले आहेत. लोक नाराज झाले, कुरकुरले, उघड बोलू लागले. ते भिक्खूंच्या कानी आले, भिक्खूंनी तथागतांना सांगितले, तथागतांनी संघाला एकत्र बोलावून विचारले, ‘हे खरे आहे काय?’ आणि मग नियम झाला. हा क्रम विनयात इतक्यांदा येतो की वाचताना तो पाठ होतो. ‘लोकांना धम्म कुठे कळतो’ असे म्हणून तथागतांनी त्या तक्रारी झटकून टाकल्या नाहीत.

आणि त्या तक्रारींपैकी कितीतरी झाडा-पाण्याच्या, गवताच्या, किड्यामुंग्यांच्या आहेत.

वर्षावासाचेच पाहा. सुरुवातीला भिक्खू तिन्ही ऋतूंत चारिका, म्हणजे गावोगाव भ्रमण, करत. राजगृहाचे लोक बोलू लागले: हे शाक्यपुत्रीय श्रमण पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांना पीडा देतात, लहान लहान प्राणी चिरडतात, इतर पंथांचे लोकसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीही झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून राहतात, यांना तेवढेही कळत नाही का? यावरून तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. आज वर्षावास म्हटले की ध्यान, प्रवचन, ग्रंथवाचन आणि शेवटी चीवरदान एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्याच्या मुळाशी पायाखालच्या गवताची तक्रार होती, हे आम्हा उपासकांना कोणी फारसे सांगत नाही. माझी पहिली विनंती हीच आहे की ते सांगा.

आळवी नगराची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या एका भिक्खूने झाड तोडायला घेतले. त्या झाडावर राहणाऱ्या देवतेने विनवले, तरी तो थांबला नाही, आणि त्याचा घाव देवतेच्या मुलाच्या हातावर बसला. लोकही नाराज झाले. तेव्हा वनस्पती तोडण्यावर पाचित्तियाचा, म्हणजे मोडल्यास कबुली द्यावी लागणारा, नियम आला. त्या भिक्खूची कानउघाडणी करताना तथागत म्हणतात की माणसांना झाडात जीव जाणवतो. झाडाला खरोखर संवेदना असते की नसते, या वादात ते शिरतच नाहीत. ज्यांच्या गावात तुम्ही राहता, ज्यांच्या हातचे अन्न तुमच्या पात्रात पडते, त्यांना ते झाड जिवंत वाटते. मग तुम्ही त्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. पर्यावरणाच्या चर्चेत आज हीच गोष्ट सगळ्यात आधी हरवते. जंगलाचे मोल ठरवायला तज्ज्ञ येतात, अहवाल येतात, पण त्या झाडांच्या सावलीत जगणाऱ्या माणसांना काय वाटते ते विचारले जात नाही. विनयाने मात्र नियमासाठी तेवढे कारण पुरेसे मानले.

याच माळेतले बाकीचे नियम तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहेत. जमीन खणू नये. जीव असलेले पाणी गवतावर किंवा मातीवर ओतू नये, वापरू नये. हिरवळीवर आणि पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. पाणी गाळायचे फडके जवळ नसेल तर प्रवासाला निघू नये. ही भूतदयेची सुंदर वचने नव्हेत. हे मोडले तर आपत्ती, म्हणजे विनयातला दोष, होते आणि ती कबूल करावी लागते. मैत्रीची गाथा गाणे एक आणि पाणी गाळायचे फडके जवळ बाळगणे दुसरे. संघाकडे दोन्ही होते. आम्हाला आज बहुतेकदा गाथा तेवढी ऐकू येते.

आता बांधकामाकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे.

आळवीच्याच भिक्खूंनी स्वतःसाठी कुट्या बांधायला घेतल्या. त्यांना ना माप होते ना शेवट. मग मागणे सुरू झाले: माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, कुदळ द्या, वेत द्या, बांबू द्या, गवत द्या, माती द्या. लोक इतके हैराण झाले की भिक्खू दिसताच वाट बदलू लागले, दार लावून घेऊ लागले. गाय दिसली तरी भिक्खूच आला समजून पळू लागले. ज्येष्ठ शिष्य महाकश्यप तिथे आले, त्यांनी हे पाहिले आणि तथागतांना सांगितले. त्या वेळी तथागतांनी भिक्खूंना एक हकिगत ऐकवली. जंगलात राहणाऱ्या एका भिक्खूला पाखरांच्या कलकलाटाचा त्रास होत होता. तथागतांनी त्याला सुचवले की रात्रीच्या तिन्ही प्रहरी पाखरांना साद घाल आणि प्रत्येकाकडे एक एक पीस माग. त्याने मागितले. ‘हा भिक्खू पीस मागतो’ म्हणून पाखरे उडून गेली ती परत आलीच नाहीत. पशुपक्ष्यांनासुद्धा सतत मागणारा नकोसा होतो, मग माणसांचे काय?

त्यावर जो नियम झाला तो संघादिसेसांतला आहे, म्हणजे भिक्खूपण कायमचे घालवणाऱ्या पाराजिकाखालोखाल गंभीर. कुटीची लांबी बारा सुगत-विती (सुगताची, म्हणजे बुद्धांची वीत) आणि रुंदी सात, याहून मोठी नको. बांधण्याआधी संघाला जागा दाखवायची. त्या जागेवर मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची वस्ती नसावी, हत्ती-वाघासारख्या प्राण्यांचे ते ठिकाण नसावे, शेताला लागून ती नसावी, आणि कुटीभोवती फिरता येईल इतकी मोकळी जागा असावी. संघाने भिक्खू पाठवून जागा तपासायची आणि मगच संमती द्यायची. मोठ्या बांधकामाआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासावा, असे कायदे बहुतेक देशांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत आले. संघाकडे ही तपासणी कित्येक शतके आधीपासून आहे.

त्याच्या पुढचा नियम कौशांबीचा. छन्न भिक्खूसाठी एका दायकाने, म्हणजे दान देणाऱ्याने, विहार बांधून द्यायचे ठरवले. छन्नाने जागा साफ करताना असे एक झाड तोडायला लावले, ज्याची पूजा गाव करत होते, नगर करत होते, सारा जनपद करत होता. लोकांचा आक्रोश झाला. म्हणून दायकाच्या खर्चाने होणाऱ्या मोठ्या विहारासाठीही तीच अट आली: जागा आधी संघाला दाखवा, तिथे जिवांचा नाश होणार नाही ना ते पाहा. विश्वस्तांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ‘पैसे दायकाचे आहेत, आम्ही फक्त होकार दिला’ ही सबब विनयाने आधीच अडवून ठेवली आहे.

आज एखाद्या विहारासाठी टेकडी पोखरली जाते, पाणथळ जागा बुजवली जाते, किंवा आधीच्या उंच मूर्तीहून उंच मूर्ती उभारायची म्हणून सिमेंट आणि पोलाद ओतले जाते, तेव्हा संघातले कोणी जागा पाहायला जाते का? तिथे काय राहत होते हे विचारले जाते का? सिमेंट तयार करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हा मानवनिर्मित उत्सर्जनातला मोठा वाटा आहे. चुनखडी भाजतानाच तो सुटतो, भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. आपल्या श्रद्धेची उंची मीटरात मोजायची वेळ आली असेल, तर आळवीचे लोक कशाला पळत होते ते आपण विसरलो आहोत.

मला माहीत आहे, यावर तीन आक्षेप येतील. तिन्ही मी धम्मप्रवचनांतच ऐकले आहेत आणि ते मनापासून मांडले जातात, म्हणून त्यांचा विचार करते.

पहिला आक्षेप: सगळे अनित्य आहे, जंगलही, हिमनदीही, मग एवढी धडपड कशासाठी? याला तथागतांचे शेवटचे शब्द पुरेत. संस्कार, म्हणजे घडलेल्या साऱ्या गोष्टी, नाशवंत आहेत, अप्रमादाने, म्हणजे सावध राहून, साध्य करा. अनित्यतेच्या शेजारी त्यांनी अप्रमाद ठेवला, आळस ठेवला नाही. शरीर अनित्य आहे म्हणून आजारी भिक्खूची शुश्रूषा सोडा, असे त्यांनी कधी म्हटले नाही. उलट मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला त्यांनी आपला शिष्य आनंद याच्यासह स्वतः अंघोळ घातली आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले. जे नष्ट होणारच आहे ते आपल्या हाताने, आपल्या हावेपोटी लवकर नष्ट करणे याला अनित्यतेचे ज्ञान म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो. पूर आला, दुष्काळ पडला, हे त्या त्या लोकांचे कर्म. भन्ते, हे कृपा करून कोणत्याही व्यासपीठावरून बोलू देऊ नका. संयुत्त निकायात सीवक परिव्राजक तथागतांना नेमके हेच विचारतो: माणसाला जे काही सुखदुःख होते ते पूर्वकर्मामुळेच, असे काही लोक म्हणतात, ते खरे का? तथागत आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळे कर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धाव घेतात, असेही ते म्हणतात. ऋतुबदल त्या यादीत वेगळा उभा आहे. ज्याच्या घरात पुराचे पाणी शिरले त्याला मागच्या जन्माचा हिशेब सांगणे ही करुणा नव्हे, आणि ती बुद्धवाणीही नव्हे.

आणि कर्माचेच बोलायचे, तर तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. धूर सोडला की काय होते हे माहीत असूनही तो सोडत राहणे, ही कोणाची चेतना? जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या वाट्याला हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला जवळपास निम्मा भाग येतो. पुरात ज्याचे घर जाते तो सहसा या दहा टक्क्यांतला नसतो.

तिसरा आक्षेप असा की दुःखाचे मूळ मनातल्या तृष्णेत आहे. मन शुद्ध झाले की जग आपोआप सुधारेल, बाहेरची उठाठेव संघाने करू नये. यातला पहिला भाग खरा आहे. पण तृष्णा मनातच बसून राहत नाही, हे दीघ निकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात किती स्पष्ट आहे! तिथे आपोआप उगवणारा, कोंडा-तूस नसलेला तांदूळ आहे. संध्याकाळी कापला तर सकाळी पुन्हा तयार. एकाला वाटते, रोज दोनदा कशाला जायचे, दोन्ही वेळचा एकदमच आणू. दुसरा दोन दिवसांचा आणतो, तिसरा चार, चौथा आठ. साठा सुरू होताच दाण्याला कोंडा येतो, तूस येते, आणि कापलेले पुन्हा उगवत नाही. मग शेतांना बांध पडतात, मग चोरी होते, मग खोटे बोलणे, मग काठी. साठवणाऱ्याची हाव जमिनीत उतरते आणि पिकाचे रूप बदलते. या कथेतून वनस्पतिशास्त्र कोणी शिकू नये. पण निसर्गाची भरून येण्याची गती आणि माणसाची ओरबाडण्याची गती यांतले अंतर वाढले की समाजात हिंसा येते, ही तिची शिकवण आजच्या विहिरी, मासेमारी आणि जंगले पाहणाऱ्या कोणालाही पटेल.

अंगुत्तर निकायातले अधम्मिक सुत्त तर सत्तेचेच नाव घेते. राजे अधार्मिक झाले की अधिकारी होतात, मग ब्राह्मण-गृहपती, मग नगर आणि जनपद; मग ऋतू ढळतात, वारे भलत्या वेळी वाहतात, पाऊस नीट पडत नाही, धान्य नीट पिकत नाही, आणि ते खाणारी माणसे दुबळी आणि रोगी होतात. गुरांचा कळप नदी ओलांडताना पुढचा बैलच वाकडा गेला तर सगळ्या गाई वाकड्या जातात, असा त्यातल्या गाथेचा आशय आहे. हे उच्चारणारा शास्ता ‘बाहेरची उठाठेव’ टाळणारा नव्हता. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय शस्त्रे उचलून उभे ठाकले, तेव्हा तथागतांनी दोन्ही बाजूंना विचारले होते की पाण्याचे मोल किती आणि माणसांच्या रक्ताचे किती. बाबासाहेब आंबेडकरांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि त्यावरून होणाऱ्या युद्धाला त्याने केलेला विरोध हे मांडले. पाणीवाटप हा धम्माबाहेरचा विषय आहे, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. बुद्ध हे पहिले पर्यावरणवादी होते, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापुढे वितळणारे ध्रुव नव्हते, आणि जुन्या सुत्तांत जंगल हे ध्यानाला योग्य स्थळ असले तरी भयाचेही स्थळ आहे. ओढूनताणून प्रत्येक गाथेत हवामानबदल शोधला की धम्माचीही अप्रतिष्ठा होते आणि प्रश्नाचीही. माझे म्हणणे एवढेच की संघाकडे तक्रार ऐकून आपले वागणे बदलण्याची पद्धत होती, आणि ती आजही वापरता येते.

वापरली गेल्याची उदाहरणेही आपल्याच काळातली आहेत. थायलंडमध्ये १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिणेत महापूर आला, उघड्या झालेल्या डोंगरांवरून चिखल आणि लाकडाचे ओंडके गावांवर आले, आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. त्याच सुमारास फ्राख्रू मानस नाथीफितक या भिक्खूंनी फयाओ प्रांतात झाडांना काषाय वस्त्र गुंडाळून त्यांची ‘प्रव्रज्या’, म्हणजे संघदीक्षा, करायला सुरुवात केली. झाडाला उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, देता येत नाही हे त्यांना माहीत होते. चीवर गुंडाळलेल्या झाडावर करवत चालवायला माणूस धजत नाही, हेही माहीत होते. पुढे हा विधी अनेक प्रांतांत गेला. फ्रा प्रचक खुत्तचित्तो या भिक्खूंना डोंग याइच्या जंगलासाठी उभे राहिल्याबद्दल १९९१ मध्ये अटक झाली. कंबोडियात ओद्दार मिअनचे प्रांतात बुन सालुथ या भिक्खूंच्या पुढाकाराने अठरा हजार हेक्टरांहून अधिक जंगल गावकऱ्यांनी राखले, आणि २०१० मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी वाघ-बिबट्याची आणि पाणमांजराची कातडी अंगावर मिरवणे सोडा असे सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच तिबेटात लोकांनी महागडी कातडी आणून चौकात जाळली. बँकॉकजवळच्या वाट चाक दाएंग या विहारात प्लास्टिकच्या बाटल्यांपासून धागा करून चीवर शिवले जाते. संघाचा शब्द किती दूर पोहोचतो हे यातून दिसते. म्हणूनच संघ गप्प राहिला तर त्याचाही परिणाम तितकाच दूर पोहोचतो.

एक तातडीची गोष्ट वेगळी सांगते, कारण ती पुण्याच्या नावाने होते. जीवमुक्ती. अनेक देशांत पक्षी, मासे, कासवे विकत घेऊन सोडण्याची प्रथा आहे. मागणी आहे म्हणून पाखरे जाळ्यात धरली जातात. धरताना, कोंडताना, नेताना कित्येक मरतात, आणि जी सुटतात त्यांतली काही पुन्हा धरली जातात. परक्या जातीचे जीव सोडले की तिथले मूळचे जीव संपतात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे, आणि ते पसरायला पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर हे सोडणेही कारण झाले आहे.

ज्या सूत्राचा आधार या प्रथेला दिला जातो, त्या सुवर्णप्रभास सूत्रातली जलवाहन नावाच्या माणसाची कथा तुम्ही पुन्हा वाचावी अशी मी विनंती करते. वरच्या अंगाला नदीचा प्रवाह वळवल्यामुळे एक तळे आटत चालले होते आणि त्यात दहा हजार मासे तडफडत होते. जलवाहनाने आधी फांद्या तोडून माशांवर सावली केली, मग पाणी का आटले ते शोधत नदीपर्यंत गेला, राजाकडून वीस हत्ती मागून घेतले, पखालींतून पाणी वाहून त्याच तळ्यात ओतले आणि माशांना खाऊ घातले. त्याने एकही मासा विकत घेतला नाही, एकही दुसरीकडे नेऊन सोडला नाही. त्याने तळे वाचवले. जीवमुक्तीसाठी येणारे दान आटलेली तळी आणि वळवलेले प्रवाह पूर्ववत करायला लावा, हे पुण्य कोणत्याही परंपरेत कमी ठरणार नाही.

दानाबद्दलही बोलायला हवे. कौशांबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, हा श्रमण कापडाचा व्यापार करणार की काय? त्याने विचारले आणि आनंदांनी न रागावता सांगितले: ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटू. विरलेल्यांचे काय? त्यांच्या वरच्या चादरी. जुन्या चादरींचे? गाद्यांची खोळ. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकी फाटली की? त्यांचे तुकडे करून, चिखलात मळून जमीन लिंपू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आजच्या विहाराला कोणी हाच प्रश्न केला, तर उत्तर कुठपर्यंत जाईल? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दानाची पाकिटे, एकदाच वापरायच्या बाटल्या, थर्माकोलच्या थाळ्या, ढिगाने आलेली कृत्रिम धाग्याची चीवरे, यांचे पुढे काय होते? आम्ही आणतो म्हणून तुम्ही घेता, हे मान्य आहे. पण तुम्ही ‘असे नको, तसे आणा’ म्हणालात तर आम्ही नक्की ऐकू. नकाराचा अधिकार संघाला आहे. उपासकाने संघाचे अहित केले तर पात्र पालथे घालण्याची, म्हणजे त्याचे दान नाकारण्याची, तरतूद विनयातच आहे; २००७ मध्ये म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी सत्तेसमोर तेच केले. त्याची आठ कारणे ठरलेली आहेत आणि त्यांत नदी नासवणे येत नाही, हे मला ठाऊक आहे. नियम वाकवा असे मी म्हणत नाही. पण ज्या उद्योगाच्या सांडपाण्याने आसपासची वस्ती आजारी पडते आहे, त्याच्या मालकाचे नाव विहाराच्या संगमरवरी फलकावर कोरायचे की नाही, हे ठरवायला विश्वस्तांना पाचित्तिय लागत नाही. विष विकणे उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत आहेच.

अशोकाचा पहिला शिलालेख इथे आठवतो. प्राण्यांच्या हत्येविरुद्ध तो लिहितो, पण त्याच लेखात आपल्याच मुदपाकखान्याचा हिशेबही दगडावर कोरतो: पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच, दोन मोर आणि एक हरिण, हरिणही रोज नाही, आणि पुढे हेही मारले जाणार नाहीत. काम अपुरे आहे हे त्याने लपवले नाही. मग पुढच्या लेखांत रस्त्याकडेची झाडे येतात, विहिरी येतात, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी येतात, विनाकारण वने पेटवू नका अशी आज्ञा येते. प्रत्येक विहाराने असा हिशेब दाराशी लावावा: वर्षाला वीज किती, पाणी किती, कचरा किती आणि तो जातो कुठे, नवे बांधकाम किती, त्यासाठी झाडे किती गेली. आकडे लाजिरवाणे असतील तरी लावा.

आणि आता शीर्षकातली विनंती. वर्षावास संपताना पवारणा होते. ज्येष्ठतम स्थविरसुद्धा हात जोडून संघाला म्हणतात: माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, दिसले तर मी सुधारेन. धर्मसंस्थांच्या इतिहासात इतके धीट वाक्य मी दुसरे वाचलेले नाही. पवारणा हे संघकर्म आहे, त्यात गृहस्थांनी बसायचे नसते, याची मला जाणीव आहे. म्हणून ती पूर्ण झाल्यावर, त्याच दिवशी, त्याच आवारात, विहाराच्या शेजारी राहणाऱ्यांना बोलवा. बौद्ध नसलेल्यांनाही. ज्यांच्या विहिरीशेजारी तुमची कूपनलिका आहे, ज्यांच्या शेताला तुमची भिंत लागून आहे, ज्यांच्या झोपेत तुमचा ध्वनिक्षेपक शिरतो, ज्यांच्या ओढ्यात उत्सवाचा कचरा वाहत जातो, त्यांना विचारा की पाहिलेले, ऐकलेले, शंका आलेले काही आहे का. त्या दिवशी उत्तर देऊ नका, फक्त लिहून घ्या. विश्वस्तांनी ती वही पुढच्या उपोसथाला, म्हणजे संघाच्या पंधरवड्याच्या सभेच्या दिवशी, संघापुढे वाचावी, आणि ज्या गोष्टीवर संघाचे एकमत होईल तिचा त्या विहारापुरता नियम करावा. पुढच्या पवारणेला तो पाळला गेला का, हे त्याच शेजाऱ्यांना विचारावे.

यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही, मोठ्या निधीचीही नाही. वर्षावास सुरू होण्याआधी आपापल्या विहारात यावर चर्चा व्हावी, आणि जो विहार हे करायला तयार असेल त्याने तसे आपल्या फलकावर जाहीर करावे, म्हणजे आम्हा उपासक-उपासिकांना वहीचे आणि बैठकीचे काम वाटून घेता येईल.

आपली,
एक उपासिका